विश्लेषण : यंत्र तेच, मग कोरीवकाम पुसट का? फायबर लेझरची लेन्स कशी निवडावी?

सोन्याच्या अंगठीच्या आतल्या बाजूचा सहा अक्षरी एचयूआयडी, आहेरात आलेल्या स्टीलच्या पेल्यावरचे नाव आणि गाडीच्या गिअरवरचा ठिपक्यांचा चौकोनी कोड ही तिन्ही कामे आज एकाच जातीच्या यंत्रावर होतात : फायबर लेझर. भांड्यांच्या दुकानात कर्रकर्र आवाज करत नाव घालणारे विजेचे पेन मागे पडते आहे आणि त्याच्या जागी टेबलावर मावणारे हे यंत्र येते आहे. ते घेणारा बहुतेक वेळा छोटा व्यावसायिक असतो, अनेकदा कर्ज काढून घेणारा. विक्रेत्याला तो दोन प्रश्न हमखास विचारतो : किती वॉटचे, आणि किती मोठ्या जागेवर कोरते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या डोक्याखाली आट्यांवर बसवलेल्या एका काचेवर अवलंबून असते. ती काच चुकली तर लाखांचे यंत्र पुसट, जाड रेघा काढत बसते आणि दोष मात्र लेझरला दिला जातो.

लेन्सच्या कडेवरचे आकडे काय सांगतात?

लेन्सच्या धातूच्या वलयावर ‘१०६४-१६०-११०’ असे काहीसे छापलेले असते. पहिला आकडा प्रकाशाच्या तरंगलांबीचा. फायबर लेझरमध्ये यटर्बियम मिसळलेल्या काचेच्या तंतूतून १०६४ नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश निघतो. लेन्सवरचा लेप नेमक्या त्याच तरंगलांबीसाठी दिलेला असतो. दुसरा आकडा फोकल लेंथचा, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या नाभीय अंतराचा, मिलिमीटरमध्ये. तिसरा आकडा कोरता येणाऱ्या चौकोनाच्या बाजूचा : ११० म्हणजे ११० बाय ११० मिलिमीटर.

दुसरा आणि तिसरा आकडा एकमेकांना बांधलेले आहेत. यंत्राच्या डोक्यात दोन छोटे आरसे असतात. त्यांना गॅल्व्हो म्हणतात. एक आरसा किरण डावी-उजवीकडे फिरवतो, दुसरा पुढे-मागे. हे आरसे किरणाला मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण २० अंशांपर्यंत वळवतात. त्यामुळे कोरण्याच्या चौकोनाची बाजू फोकल लेंथच्या अंदाजे सात-दशांश निघते. १०० च्या लेन्सला ७०, १६० ला ११०, २५४ ला १७५ आणि ४२० ला ३०० च्या घरात. विक्रेता ‘१६० ची लेन्स आहे, पण २०० बाय २०० कोरते’ असे म्हणाला, तर हा गुणाकार करून पाहावा.

लेन्सच्या खालच्या कडेपासून वस्तूपर्यंतचे अंतर फोकल लेंथइतकेच असते, असा मात्र समज करून घेऊ नये. फोकल लेंथ एका काल्पनिक प्रतलापासून मोजतात. प्रत्यक्ष अंतर वेगळे भरते आणि कंपनीनुसार बदलते. १६० च्या लेन्सखाली बरोबर १६ सेंटिमीटरवर पत्रा ठेवून ‘फोकस लागत नाही’ अशी तक्रार करणारे कमी नाहीत.

साधे बहिर्गोल भिंग का चालत नाही?

अंधाऱ्या खोलीत एका जागी उभे राहून विजेरीचा झोत भिंतीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे फिरवला तर समोर तो सावकाश सरकतो आणि कडेला जाता जाता पळू लागतो. हात एकाच गतीने फिरत असूनही हे होते. शिवाय कडेला झोत लांबट होतो. आरशांनी फिरवलेल्या लेझरचेही असेच होते. वर साध्या भिंगाचा फोकस सपाट पृष्ठावर न पडता वाटीसारख्या वक्र पृष्ठावर पडतो. म्हणजे मध्यभागी अक्षर स्वच्छ आणि कोपऱ्यात फिके.

यावरचा उपाय म्हणजे एफ-थीटा लेन्स. यात एकामागोमाग बसवलेली अनेक भिंगे असतात. त्यांची रचना अशी, की आरसा जितक्या अंशांनी वळेल त्याच प्रमाणात ठिपका सरकावा आणि फोकस सपाट राहावा. फोकल लेंथ गुणिले कोन म्हणजे ठिपक्याची जागा. ‘एफ’ आणि ‘थीटा’ हे नाव तिथूनच आले. ही लेन्स किरणाला वाकवते, पण सरळ करत नाही. चौकोनाच्या कडेला किरण सुमारे २० अंश तिरकाच पडतो. नाव घालताना हे जाणवत नाही. शिक्का किंवा साचा खोल कोरताना मात्र कडेच्या भिंती कलत्या येतात. म्हणून खोल काम चौकोनाच्या मध्यातच ठेवायचे, हा कारागिरांचा रिवाज शास्त्राला धरून आहे.

जागा वाढली की काय कमी होते?

इथेच खरी फसगत होते. ‘३०० बाय ३०० चे यंत्र’ हे ऐकायला भारदस्त वाटते. ग्राहकाला वाटते, मोठ्या जागेत लहान काम होणारच, मग मोठीच घ्यावी. पण लेन्सचा हिशोब कढईसारखा नाही.

फोकसला ठिपका किती बारीक होईल, हे तीन गोष्टींवर ठरते. फोकल लेंथ जितकी जास्त तितका ठिपका जाड. लेन्समध्ये शिरणारा किरण जितका रुंद तितका ठिपका बारीक. तिसरी गोष्ट किरणाची गुणवत्ता. तिचा आकडा एकच्या जितका जवळ तितका चांगला. समजा, किरण ७ मिलिमीटर रुंद आणि गुणवत्तेचा आकडा दीड आहे. मग १०० च्या लेन्सने ठिपका सुमारे ३० मायक्रॉनचा येतो, १६० ने ४६ चा, २५४ ने ७४ चा आणि ४२० ने १२२ मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे सर्वांत लांब लेन्स केसापेक्षा जाड रेघ ओढते.

आता अर्धा मिलिमीटर उंचीचे अक्षर कोरायचे आहे असे धरू. इंग्रजी ‘ई’ला तीन आडव्या रेघा आणि मध्ये दोन मोकळ्या पट्ट्या असतात. मिळून पाच. ५०० मायक्रॉन भागिले पाच, प्रत्येकीला १०० मायक्रॉन. ४६ च्या ठिपक्याला ही जागा ऐसपैस आहे. ७४ चा ठिपका कसाबसा मावतो. १२२ चा ठिपका मोकळ्या पट्ट्या भरून टाकतो आणि ‘ई’चा काळा डाग होतो. देवनागरीत शिरोरेषा, रफार, वेलांटी आणि जोडाक्षर एकावर एक चढतात, त्यामुळे आपल्या लिपीला याहून बारीक ठिपका लागतो. इंग्रजी नमुना पाहून यंत्र पसंत करणाऱ्याने ‘श्रीकृष्ण’ किंवा ‘दुर्गाष्टमी’ तेवढ्याच उंचीत कोरून मागावे.

जाडी वाढते तेव्हा जोरही घटतो. ऊर्जा तेवढीच आणि ती पसरते मोठ्या क्षेत्रावर. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. १६० ऐवजी २५४ ची लेन्स लावली तर ठिपक्याचे क्षेत्र अडीचपट होते, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला मिळणारा जोर ४० टक्क्यांवर येतो. ४२० लावली तर तो साधारण एक सप्तमांश उरतो. २० वॉटच्या यंत्रावर ३०० बाय ३०० ची लेन्स चढवून स्टील खोल कोरू पाहणाऱ्याला दिवसभर बसावे लागते, ते यामुळे. काळे डाग पाडणे जमते, धातू उडवणे जमत नाही.

वॉट वाढवून भरपाई होते का? अर्धी होते. २५४ च्या लेन्सखाली ५० वॉट हे १६० च्या लेन्सखालच्या २० वॉटइतके सरासरी जोराने काम करतात. पण रेघ जाड झाली ती झालीच. बारीकपणा पैशांनी परत येत नाही. तो किरण रुंद करून आणता येतो, मात्र डोक्याचे तोंड आणि आरसे त्या रुंदीचे असावे लागतात. १० मिलिमीटर तोंडाच्या डोक्यात १२ मिलिमीटरचा किरण ढकलला तर कडेचा प्रकाश धातूवर आपटून वाया जातो आणि डोके तापते.

आणखी एक साधी अडचण खांबाची. ४२० ची लेन्स वस्तूपासून अर्ध्या मीटरच्या आसपास उंच धरावी लागते. यंत्राचा खांब तेवढा वर जातो का, हे न बघता लेन्स मागवली तर ती डबीतच राहते.

मग मोठी लेन्स घ्यायचीच नाही का?

घ्यायची, पण कारण वेगळे आहे. लांब फोकल लेंथचा सगळ्यात मोठा फायदा खोलीचा आहे. फोकसच्या थोडे वर-खाली वस्तू सरकली तरी काम निभावते, त्या पट्ट्याला फोकसची खोली म्हणतात. वरच्याच हिशोबाने १०० च्या लेन्सला ही मोकळीक वर-खाली जेमतेम ०.४ मिलिमीटर मिळते, १६० ला एक मिलिमीटर आणि २५४ ला सुमारे २.७ मिलिमीटर. या मर्यादेला पोहोचेपर्यंत ठिपक्याचे क्षेत्र दुप्पट झालेले असते. त्यापुढे अक्षर झपाट्याने फिके पडते.

स्टीलच्या पेल्याचे उदाहरण घ्या. पेल्याचा व्यास ७० मिलिमीटर आहे आणि त्यावर ३० मिलिमीटर रुंदीचे नाव घालायचे आहे. पेला गोल, त्यामुळे नावाच्या मधल्या अक्षरापेक्षा कडेची अक्षरे खाली असतात. किती खाली? भूमितीने उत्तर येते ३.४ मिलिमीटर. फोकस वरच्या आणि खालच्या टोकांच्या मधोमध ठेवला तरी दोन्हीकडे १.७ मिलिमीटरचा फरक राहतोच. १६० च्या लेन्सची मोकळीक एक मिलिमीटर, म्हणून मधले आणि कडेचे अक्षर दोन्ही फिके. २५४ च्या लेन्सला तेच काम आरामात जमते. मात्र नाव २० मिलिमीटरच रुंद असेल, तर उतार दीड मिलिमीटरचा. तो मध्यात विभागला की पाऊण मिलिमीटर, आणि ११० बाय ११० ची नेहमीची लेन्स पुरेशी. म्हणजे ‘आई’ लिहायला एक लेन्स आणि ‘सौ. शकुंतला’ लिहायला दुसरी असे होऊ शकते. पेला फिरवणारे रोटरी उपकरण असेल तर नाव तुकड्या-तुकड्याने कोरता येते आणि हा प्रश्न बराचसा मिटतो.

भोसरी-चाकणसारख्या पट्ट्यांत सुट्या भागांवर कोड कोरतानाही हेच तत्त्व लागते. ओतीव भागाचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि प्रत्येक नग जिगमध्ये तंतोतंत त्याच उंचीवर बसत नाही. तिथे बारीक रेघेपेक्षा हजारावा कोडही पहिल्यासारखा वाचला जाणे महत्त्वाचे. अशा कामाला १७५ ची लेन्स आणि थोडे जास्त वॉट ही जोडी शहाणपणाची.

सोने, चांदी, तांबे : कोणत्या धातूला काय?

सोन्याच्या हॉलमार्क असलेल्या दागिन्यांवर सहा अक्षरी एचयूआयडी जुलै २०२१ मध्ये आला आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय असे दागिने विकायला मनाई आहे. बीआयएसचे चिन्ह, शुद्धता आणि हा क्रमांक असे तीन ठसे मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात लेझरने उमटवले जातात. नाजूक नथीवर किंवा अंगठीच्या आतल्या वळणावर ते बसवायचे, तर ७० बाय ७० किंवा ११० बाय ११० यापलीकडे जाण्यात अर्थ नाही. सराफाकडे नाव-तारीख कोरून देणाऱ्यालाही हाच नियम लागू. वस्तूच मुळी बोटाएवढी, मग मोठी जागा कशाला?

चांदी, तांबे आणि पितळ हे धातू अवरक्त प्रकाश बहुतांश परतवून लावतात. हुपरीचे पैंजण असोत की पुण्याच्या तांबट आळीतला तांब्या, सुरुवातीला धातूत प्रकाश शिरायलाच जास्त जोर लागतो. तो छोट्या लेन्सनेच स्वस्तात मिळतो. परतलेला प्रकाश आला त्याच वाटेने लेन्समधून लेझरच्या स्रोतापर्यंत जाऊ शकतो, ही दुसरी बाजू. स्रोतात त्याला अडवणारा आयसोलेटर असतो, तरी चकचकीत चांदी नेमकी चौकोनाच्या केंद्राखाली ठेवण्यापेक्षा जराशी बाजूला किंवा किंचित कलती ठेवलेली बरी. केंद्रात किरण काटकोनात पडतो आणि सरळ परततो. खोल कामासाठी मध्य आणि चकचकीत कामासाठी मध्यापासून जरा दूर, असा हा पेच आहे. दोन्ही एकत्र आले की कलती मांडणी कामी येते.

नाणी, पदके, शिक्क्यांचे ठसे कोरणाऱ्यांना १०० ची लेन्स सर्वांत जोमदार वाटते आणि ती आहेही. फक्त तिची फोकसची खोली ०.४ मिलिमीटरच आहे, हे लक्षात ठेवावे. खड्डा अर्धा मिलिमीटर झाला की तळ फोकसबाहेर जातो आणि डोके तेवढे खाली घ्यावे लागते.

टेलीसेंट्रिक लेन्स कोणासाठी?

या लेन्समध्ये किरण संपूर्ण चौकोनात जवळजवळ काटकोनात पडतो. बारीक छिद्रे पाडणे, सर्किट बोर्डचे काम, सरळ भिंतींचे खोदकाम यांत तिचा उपयोग आहे. पण ती कोरायच्या जागेपेक्षा मोठी असावी लागते, म्हणून जड आणि महाग. शिवाय चकचकीत धातूवरून प्रकाश केंद्रातच नव्हे तर सगळीकडूनच सरळ परततो. नाव घालणाऱ्या दुकानाला तिची गरज नाही.

दुसऱ्या यंत्राची लेन्स चालेल का?

कार्बन डायऑक्साइड लेझरची अजिबात नाही. लाकूड, ॲक्रिलिक, चामडे कापणाऱ्या त्या यंत्राची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे दहापट. त्या प्रकाशाला साधी काच भिंतीसारखी अडवते, म्हणून तिथे झिंक सेलेनाइडच्या लेन्स वापरतात. हिरव्या किंवा अतिनील लेझरच्या लेन्सवरचा लेपही वेगळा. १०६४ लिहिलेली लेन्स मिळाली, तरी आट्या जुळतात का ते पाहावे. ८५ मिलिमीटर व्यासाच्या आट्या बऱ्याच प्रचलित आहेत, पण सर्वत्र नाहीत. १०० वॉट आणि पुढच्या यंत्रांसाठी फ्यूज्ड सिलिकाची लेन्स मागावी. साधी ऑप्टिकल काच जास्त तापते, त्याने फोकस काम चालू असतानाच सरकतो आणि सकाळची सेटिंग दुपारी लागू पडत नाही.

लेन्स बदलल्यावर काय करावे लागते?

आट्या फिरवून लेन्स बसवली की काम झाले, असे नाही. सॉफ्टवेअरला अजून जुनाच चौकोन ठाऊक असतो. ११० ची सेटिंग ठेवून १७५ ची लेन्स लावली, तर २० मिलिमीटरचे नाव जवळपास ३२ मिलिमीटरचे उमटते. नव्या चौकोनाचा आकार भरावा, मग पत्र्यावर मोठा चौरस काढून चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजावेत. बाजू आत किंवा बाहेर फुगलेल्या दिसल्या तर दुरुस्तीची फाइल नव्याने करावी लागते. नऊ बिंदू मोजून ती करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. प्रत्येक लेन्सची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवावी.

फोकस शोधायला तिरका पत्रा उत्तम. पत्र्याच्या एका टोकाखाली लाकडी ठोकळा ठेवून उतारावर एक लांब रेघ ओढावी. जिथे रेघ सर्वांत बारीक आणि आवाज सर्वांत तडतडीत, ती उंची बरोबर. लेन्सच्या कडेपासून तिथपर्यंत मोजून त्याच मापाची ॲक्रिलिकची पट्टी कापावी आणि तिच्यावर लेन्सचा आकडा लिहावा. काही यंत्रांत दोन लाल ठिपके एकत्र आले की फोकस लागतो. त्या दिव्यांचा कोन एकाच लेन्ससाठी लावलेला असतो, नव्या लेन्सला तो पुन्हा जुळवावा लागतो. भरणीच्या रेघांमधले अंतरही बदलावे. ३० मायक्रॉनच्या ठिपक्यासाठी ठेवलेले दाट अंतर ७४ च्या ठिपक्याला दिले तर तीच जागा पुन्हा पुन्हा भाजली जाते आणि वेळ फुकट जातो.

पहिली लेन्स कोणती?

मिश्र काम असणाऱ्या दुकानाने १६० ची, म्हणजे ११० बाय ११० ची लेन्स घेऊन सुरुवात करावी. नंतर काम बघून दुसरी घ्यावी : दागिने वाढले तर ७० ची, भांडी आणि ट्रे वाढले तर १७५ ची. लाखांतल्या यंत्रापुढे दुसऱ्या साध्या लेन्सचा खर्च काही हजारांचा असतो. एकाच मोठ्या लेन्समध्ये सगळे बसवण्याच्या हट्टापेक्षा तो परवडतो. खरेदीच्या वेळी आपली वस्तू सोबत न्यावी आणि एक मिलिमीटर उंचीचा तोच शब्द चौकोनाच्या मध्यात व चारही कोपऱ्यांत कोरून घ्यावा. नमुना नेहमी मध्यातच काढून दाखवला जातो. हलकी लेन्स कोपऱ्यात उघडी पडते.

काळजी कशाची?

धूर आणि धातूचे कण लेन्सवर बसतात, किरणाने तापतात आणि लेप जाळतात. धूर ओढणारा पंखा वस्तूच्या बाजूला हवा. लेन्स कोरड्या फडक्याने पुसू नये. आधी हवेने धूळ उडवून मग शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्सचा कागद वापरावा. बोटांचे ठसे उमटू देऊ नयेत. खाली बदलता येणारी संरक्षक काच असेल तर उत्तम.

आणि चष्मा. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यातून थेट पडद्यापर्यंत पोहोचतो आणि तिथली इजा दुखत नाही. त्यामुळे दृष्टीत डाग येईपर्यंत कळत नाही. लांब फोकल लेंथच्या लेन्समधून निघालेला झोत फोकसनंतर हळू पसरतो, म्हणून चकचकीत भांड्यावरून उसळलेला किरण जास्त दूरपर्यंत घातक राहतो. १७५ किंवा ३०० ची लेन्स बसवणाऱ्याने उघड्या यंत्राभोवती आडोसा करणे त्यामुळे अधिकच गरजेचे आहे. चष्म्यावर १०६४ नॅनोमीटरसाठीचे संरक्षण लिहिलेले असावे. कार्बन डायऑक्साइड लेझरचा पारदर्शक चष्मा इथे उपयोगाचा नाही. तसाच दुसरा चष्मा काउंटरपलीकडे उभे राहून आपले नाव उमटताना पाहणाऱ्या गिऱ्हाइकासाठीही ठेवावा.